बरी दिसते म्हणायचं नाही

तापल्या वाऱ्याची लू सुटली की महोब्याकडची माणसं तोंड मिटून कामं करतात. तोंड उघडलं की घशाला कोरड पडते, आणि कोरड्या घशानं पाणी वाहणं होत नाही. बलखंडी चौरसिया तसाही कमी बोलायचा. डोक्याला ओला गमछा गुंडाळून तो विहिरीवर मातीचा घडा भरायचा, खांद्यावर घ्यायचा, बरेजाच्या, म्हणजे झाकलेल्या पानमळ्याच्या, दाराशी चपला काढायचा आणि वाकून आत शिरायचा. आत नागवेलींच्या ओळी, वर गवताचं छप्पर, चारी अंगांना कूड. घड्याच्या तोंडावर तळहात धरायचा, बोटांच्या फटींतून वेलींवर पाणी शिंपडत ओळीच्या टोकापर्यंत जायचं, रिकामा घडा घेऊन परत यायचं. उन्हाळाभर हेच. त्याच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता. त्याची बायको कुसमा डावखुरी, तिचा घट्टा डाव्या खांद्यावर.

एकदा शहरातला आडत्या दुपारचाच आला. दाराबाहेर उभं राहून त्यानं आत डोकावलं.

"काय बलखंडी, माल कसा आहे?"

"कसला माल अन् कसलं काय. करपलं सगळं."

आत पानं पंज्याएवढी झाली होती. हिरवी, तुकतुकीत, देठाशी भरलेली. आडत्याला डोळे होतेच की.

"हो रे बाबा, वाईटच दिसतंय," असं म्हणून तो खुशीत निघून गेला.

बरेजात चपला न्यायच्या नाहीत आणि बरेजाला बरं म्हणायचं नाही. दोन्ही गोष्टी इथं पोर चालायला लागल्यापासून शिकतं. कुसमा लग्न होऊन आली तेव्हा तिला हे जागेच्या म्हाताऱ्या मालकिणीनं, बऊनं, पुन्हा एकदा बजावलं होतं. "चांगलं असेल ते झाकायचं, सुनबाई. दृष्टीला काही दार लागत नाही."

कुसमाला बजावायची गरज पुढं उरली नाही. तिचं पहिलं पोर, मुलगी, बसायला लागली होती तेव्हा माहेरच्या एका लग्नात कुणीतरी तिचा गाल ओढून म्हणालं, "अगं बाई, काय गुटगुटीत आहे!" त्या रात्री ताप आला. आठवडाभरात मुलगी गेली. डॉक्टर काहीबाही म्हणाला, कुसमाला ते ऐकूही आलं नाही. तिनं मनाशी एकच गाठ मारली. त्यानंतर कुठल्याही जिवंत वस्तूला तिनं तोंडानं बरं म्हटलं नाही. शेळीलासुद्धा नाही.

बऊ म्हणजे रतनकुँवर. जागा तिची, विहीर तिची, घर तिचं. बलखंडी तिचा बरेजा वाट्यानं करायचा आणि दोघं नवरा-बायको तिच्याच वाड्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. बऊचा एकुलता एक मुलगा कॅनडात गेला, तिथंच वारला. मागं त्याची मुलगी तन्वी. ती तिथंच वाढली, तिला आपली भाषा येत नाही. 'नमस्ते' येतं आणि 'बऊ' येतं. दर रविवारी संध्याकाळी ती फोन करायची, चेहरा दिसतो तसला. तिकडं तेव्हा सकाळ असायची. बऊला फोनचं वावडं. ती त्या काचेकडं बघून एकच वाक्य बोलायची, "माझी जायची वेळ झाली, बेटा," आणि तोंड फिरवायची.

फाल्गुनात बऊ विहिरीपाशी घसरून पडली. खुब्याचं हाड चिरलं. तन्वीचा जीव तिकडं टांगणीला लागला. आधी बलखंडीची बहीण रजनी मध्ये बसून बोलायची. ती महोब्याला बी.ए. करत होती, फाडफाड इंग्रजी. पण एके दिवशी तन्वी तिला म्हणाली, तुझं इंग्रजी छान आहे, पण बऊला आंघोळ कोण घालतं? कुसमा. मग कुसमानंच सांगावं. दोन शब्द सांगू दे, पण तिनंच.

"घ्या भौजी," रजनी म्हणाली, "आता तुम्ही मॅडम."

"अगं, मला कुठलं येतंय! मी काय बोलणार गोरीशी?"

"गोरी कसली, तुमच्याच बऊची नात. नाक बघा तिचं." रजनीनं चुलीपुढं बसकण मारली. "आपण नाही का म्हणत, ती दमलेली दिसतेय, ती रुसल्यासारखी वाटतेय? तेवढंच शिकायचं. 'शी लुक्स' म्हणायचं, पुरुषाला 'ही लुक्स', आणि पुढं जे दिसतं ते. टायर्ड म्हणजे दमलेली. सॅड म्हणजे दुःखी. वीक म्हणजे अशक्त. वरीड म्हणजे काळजीत. वेल म्हणजे बरी. हॅपी म्हणजे खूश. स्ट्राँग म्हणजे धडधाकट, अँग्री म्हणजे रागावलेली."

"आणि मनात काय आहे ते मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. म्हणून तर 'लुक्स'. दिसतं तेवढं सांगायचं, आतलं आपल्याला माहीत नाही. अगदीच खात्री नसेल तर 'सीम्स' म्हणायचं. म्हणजे उद्या कुणी पकडलं तर सुटता येतं."

हे कुसमाला पटलं. दुसऱ्याच्या मनात शिरून बोलायचं नाही, बाहेर उभं राहून सांगायचं. भाकऱ्या थापताना तिनं सगळी ओळ पाठ केली. घडा वाहताना म्हटली. शेळीकडं बघून म्हणाली, शी लुक्स टायर्ड. बलखंडीकडं बघून म्हणाली, ही लुक्स वरीड.

"काय पुटपुटतेस?" बलखंडी म्हणाला.

"तुम्हाला शिव्या देतेय, इंग्रजीत."

"दे दे. मराठ्यांनी दिल्या, गोऱ्यांनी दिल्या, तूच राहिली होतीस."

पहिल्या रविवारी तिनं फोन धरला. तन्वीनं विचारलं, बऊ कशी दिसते? कुसमानं बऊकडं पाहिलं. बऊ खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. डोळे स्वच्छ, केस विंचरलेले.

"शी लुक्स वीक," कुसमा म्हणाली.

तन्वीनं मान हलवली. आणखी?

"शी लुक्स सॅड."

तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की फोन ठेवल्यावर ती दोन घडे जास्त घेऊन आली.

तसे आठवडे गेले. बऊ सुधारत गेली. आधी भिंत धरून उभी राहायला लागली, मग काठी घेऊन अंगणात फिरायला लागली, मग त्याच काठीनं शेळी हाकलायला लागली. जेवण वाढलं. दुपारी मोहाच्या फुलांची भाकरी आणि ताक मागून घ्यायची. बरेजाच्या दाराशी येऊन बलखंडीला ओरडायची, "तिसऱ्या ओळीला पाणी कमी पडलंय, मुडद्या!" शिव्या परत आल्या म्हणजे माणूस परत आलं. कुसमाच्या पोटात दूध गरम व्हावं तसं व्हायचं, आणि जितकं तसं व्हायचं तितकी ती तोंडाला जपायची.

रविवारी मात्र, शी लुक्स टायर्ड. शी लुक्स वीक. शी सीम्स वरीड. एकदा बऊनं पोटभर जेवून ढेकर दिली होती, शेजारणीची यथेच्छ निंदा केली होती आणि नंतर हसता हसता खोकली होती. त्या रविवारी कुसमा म्हणाली, "शी लुक्स व्हेरी सॅड."

फोनमधला तन्वीचा चेहरा दर आठवड्याला उतरत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कुसमाला ते दिसायचं. शी लुक्स वरीड, ती मनात म्हणायची, आणि तिला त्या परक्या पोरीची दया यायची. बिचारी, काय दुःख असेल हिला!

त्याचं उत्तर हरनारायण घेऊन आला.

हरनारायण बऊच्या नवऱ्याचा पुतण्या, झाशीला ठेकेदारी करतो. गाडीतून उतरला तो सरळ बऊच्या खाटेवर बसला. बलखंडी आणि कुसमा उन्हात उभी. त्यांना सावलीला या म्हणायचं त्याला सुचलं नाही.

"तन्वीचं ठरलंय," तो म्हणाला. "लखनौला म्हाताऱ्या माणसांना ठेवायची चांगली जागा आहे. डॉक्टर, नर्स, सगळं. काकूला तिथं न्यायचं. घर आणि जमीन काढून टाकायची. खडी फोडणारा क्रशरवाला तयार आहे, त्याला दगड ठेवायला जागा हवीच आहे. पुढच्या रविवारी तन्वी फोनवर शेवटचं हो म्हणणार, मग मी कागद करतो. पडल्यावर काकूनं सह्यांचा अधिकार तिलाच दिलाय."

बऊ सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"आणि बरेजा?" बलखंडीनं विचारलं.

"पानं खुडून घे की. तोवर कोण अडवतंय?"

"पण बऊ तर..." कुसमा म्हणाली आणि थांबली.

"पण काय? पोरगी मला सांगते, कुसमा दर आठवड्याला सांगते की आजी झिजतेय, उदास आहे, चिंतेत आहे. तुझ्याच तोंडचं आहे ना? की मी सांगितलं तुला?"

हरनारायण उठला, माल किती आहे बघू म्हणाला आणि बरेजाकडं चालू लागला. दाराशी थांबला नाही. बुटांसकट आत गेला. पहिल्या दोन ओळींमध्ये फिरला, एक पान तोडलं, नाकाला लावलं आणि बाहेर आला. बलखंडी त्याच्या बुटांकडं बघत राहिला. त्याच्या खानदानात कुणी आत चपलासुद्धा नेल्या नव्हत्या. त्याला ओरडावंसं वाटलं, पण जमीन बऊची आणि हा बऊचा पुतण्या. तो ओरडला नाही. गाडी गेल्यावर कुसमावर ओरडला.

"शिक म्हणावं इंग्रजी! लागली ना वाट?"

रजनी आली होती, दुसऱ्या दिवशी परीक्षेला परत जायची होती. ती म्हणाली, "भौजी, खरं सांगा. इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणालात का, बऊ बरी दिसते म्हणून?"

"असं कसं म्हणेन?"

"असं कसं म्हणेल ती?" बलखंडीही म्हणाला. मघाचा राग विसरून तो बायकोच्या बाजूला गेला होता. "मूर्ख आहेस का तू?"

रजनीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. ती पोरगी तिकडं ऐकते, तिला काय माहीत! तिला वाटतं तुम्ही जे दिसतं ते सांगताय. हॅपी आणि वेल शिकवलं ते कशाला, लोणचं घालायला?"

"मग तूच सांग तिला फोन करून."

"मी सांगून उपयोग नाही. ती म्हणेल, जमीन जाते म्हणून ही सगळी पलटली. ज्या तोंडानं वाईट सांगितलं त्याच तोंडानं बरं सांगावं लागेल. बऊच्या समोर."

मग तो आठवडा गेला. पाणी वाहणं चालूच होतं, कारण जमीन कुणाची का असेना, वेलीला तहान लागते. कुसमा घडा घेऊन ओळीत शिरायची आणि 'वेल' ही दोन अक्षरं तोंडात घोळवायची, पण ओठांबाहेर काढायची नाही. बऊ लखनौला गेली तर महिन्यात मरेल हे तिला दिसत होतं. अनोळखी भिंती, अनोळखी बायका, अंगणात शेळी नाही, शिव्या द्यायला कुणी नाही. आणि बरी दिसते म्हटलं तर? तिच्या डोळ्यांपुढं तो ओढलेला गाल यायचा. तिला रडू यायचं आणि घामात ते कुणाला कळायचं नाही.

शनिवारी बऊला आंघोळ घालताना ती म्हणाली, "बऊ, मला भीती वाटते."

बऊनं पाठ वाकवली. पाठीचे मणके मोजता आले असते, पण त्यांच्यावर मांस परत धरू लागलं होतं.

"मलाही वाटते," बऊ म्हणाली. "पण क्रशरची जास्त वाटते. उद्या तव्याची काजळी काढून ठेव."

रविवारी हरनारायण दुपारपासूनच येऊन बसला. रजनीची परीक्षा चालू होती, ती महोब्यात. ऊन कललं, बलखंडी हात धुऊन दाराशी उकिडवा बसला. कुसमानं तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि बऊच्या कानामागं बोट टेकवलं.

"एवढीशी?" बऊ म्हणाली. "गालालाही लाव. आणि दुसऱ्या गालाला. आज मोठं संकट आहे."

हरनारायण हसला. "काकू, बारसं आहे का तुमचं?"

"तुझं तेरावं," बऊ म्हणाली.

फोन वाजला. तन्वीचा चेहरा आला, ओढलेला, थकलेला. आधी हरनारायणनं फोन घेतला आणि बराच वेळ इंग्रजीत बोलला. मग तिनं कुसमाला मागितलं.

बऊ कशी दिसते?

कुसमानं तोंड उघडलं. "शी लुक्स," ती म्हणाली. पुढं येईना. घसा असा कोरडा पडला होता की लूमध्येही कधी पडला नव्हता. बऊनं काठीचं टोक तिच्या पायाला टोचलं.

"शी लुक्स वेल," कुसमा म्हणाली. आणि एकदा बांध फुटल्यावर सगळंच आलं. "शी लुक्स हॅपी. शी लुक्स स्ट्राँग. शी लुक्स अँग्री." शेवटचं हरनारायणकडं बघून.

तन्वीनं काहीतरी विचारलं, हळू, शब्द तोडून. कुसमाला कळलं. गेल्या आठवड्यात वीक म्हणालीस, त्याच्या आधी सॅड म्हणालीस. आज वेल. खरं कुठलं?

हरनारायण मागून मोठ्यानं बोलला. त्याच्या बोलण्यात 'लँड' आलं, दोनदा. कुसमाला तेवढं पुरलं. तिच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. तिला सांगायचं होतं की जमिनीसाठी नाही, जमिनीसाठीही आहे, पण आधीही मी खोटं बोलत नव्हते, मी झाकत होते. या सगळ्याला रजनीनं शब्द शिकवले नव्हते. डोळे भरून आले तरी तिनं फोन खाली केला नाही.

"कुसमा," तन्वी म्हणाली. ती काचेच्या अगदी जवळ आली होती. "यू लुक स्केअर्ड."

स्केअर्ड रजनीच्या ओळीत नव्हतं. पण ते कशाला म्हणतात हे कुसमाला त्या पोरीच्या तोंडाकडं बघून कळलं. कुसमा कशी दिसते हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं. बलखंडीनंही नाही, आईनंही नाही. तिनं मान हलवली. हो, हो.

कशाला घाबरतेस?

कुसमानं फोन वळवला आणि बऊचा चेहरा दाखवला. दोन्ही गालांवर काळे ठिपके, कानामागं काळा ठिपका. तिनं स्वतःच्या डोळ्याकडं बोट केलं, मग बऊकडं, मग पुन्हा डोळ्याकडं.

तन्वीनं एक वाक्य म्हटलं, त्यातला फक्त 'पप्पा' कुसमाला कळला. ती उठून कुठंतरी गेली, परत आली आणि तिनं एक फोटो काचेपुढं धरला. फोटोत पाळण्यातलं बाळ होतं, आणि त्या बाळाच्या गालावर असाच एक ठिपका होता.

"माझ्या मुलानं लावलेला," बऊ म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मीच पत्रात लिहिलं होतं, तीट लावत जा म्हणून."

"शी कॅन वॉक?" तन्वीनं विचारलं.

तिनं दोन बोटं चालवून दाखवली, आणि कुसमानं चाल म्हटल्यावर बऊ चालली. काठी टेकत अंगण ओलांडलं, तुळशीच्या कुंडीत तोंड घातलेल्या शेळीला एक ठेवून दिली, तिच्या आईबापांचा उद्धार केला आणि परत खाटेवर येऊन बसली. दम लागला होता, पण बसताना कुणाचा हात घेतला नाही. तन्वी हसत होती आणि रडतही होती. तिनं अंकल म्हणून हाक मारली आणि हरनारायणला चार वाक्यं सांगितली. चार वाक्यांत त्याचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "माघात स्वतः येते म्हणे. तोवर काही विकायचं नाही." गाडीचं दार त्यानं जोरात आपटलं.

त्या रात्री बलखंडीनं भाकरीबरोबर गूळ मागितला. कुसमा जेवली नाही. झोपायच्या आधी ती बऊच्या खाटेपाशी गेली आणि तिनं श्वास ऐकला. दुसऱ्या दिवशी पहाटे ऐकला. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागलीच होती; तिनं पुन्हा ओवाळल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. बऊ ताक मागत होती.

गुरुवारी सकाळी बरेजातून बलखंडीची हाक आली. ती हाक कुसमानं एकदाच ऐकली होती, पोर गेलं तेव्हा.

दाराजवळच्या दोन ओळी माना टाकून उभ्या होत्या. पानं पिवळी, देठ मऊ. एक वेल उपटली तर मूळ काळं पडून हातातच सुटलं. बलखंडी ओळीत बसला आणि त्यानं हरनारायणच्या बुटांना, त्याच्या बापाला, त्याच्या ठेकेदारीला शिव्या घातल्या. "बुटांसकट आला, हरामखोर! बघ काय केलं त्यानं!" मग शिव्या संपल्या आणि तो तोंड झाकून बसला.

कुसमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बूट असतील, असोत. तिनं वाकून काळं मूळ बघितलं, आणि मग कुडाच्या फटीतून अंगणात बघितलं. बऊ खाटेवर बसून सुपारी कातरत होती. कुसमाच्या छातीतला दगड उतरला. इतका उतरला की तिला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याच्या वर्षभराच्या कष्टावर पाणी पडलं होतं आणि तिला हायसं वाटत होतं. दृष्टीनं घ्यायचं होतं ते वेलींवरून घेतलं, म्हाताऱ्या माणसाला सोडलं.

बाकीच्या ओळी वाचवायला दोघांनी त्या दिवशी माती खणून काढली, मेलेल्या वेली लांब नेऊन जाळल्या. दोघांच्या हातांना रात्रभर धुराचा वास येत होता.

रविवारी फोन वाजला. बऊचे दोन्ही गाल आधीच काळे करून ठेवले होते. बलखंडी आत पाणी शिंपडत होता, त्याचा घडा कुडाला लागल्याचा आवाज आला.

बऊ कशी दिसते?

कुसमानं कुडाकडं बघितलं. आता दाराजवळ तिसरी ओळ होती. हिरवीगार.

"शी लुक्स वेल," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं.

तन्वी हसली. तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. ती म्हणाली, "यू टू, कुसमा. यू लुक हॅपी टुडे."

कुसमाचं हसू जागच्या जागी थांबलं. काजळीचं बोट अजून ओलं होतं. ते पदराला पुसता पुसता ती थांबली आणि तिनं ते हळूच आपल्या कानामागं टेकवलं.